सबंध सिनेटर

नरेंद्र ते बोलला आणि मयूराचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. खाली ब्रेक नव्हता, नुसतं रबरी मॅट होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या शेजारी बसून गाडी शिकवायचा धंदा असला की पायाला ही खोड लागते. स्वतःच्या गाडीतही डाव्या सीटवर बसलं की पाय नसलेला ब्रेक शोधत राहतो आणि नरेंद्र, तिचा नवरा, दर वेळी हसतो. आज हसला नाही, कारण त्याचं लक्ष बाहेर होतं. ऑस्ट्रेलियात, डँडेनॉन्गला फॉस्टर स्ट्रीटवर दिवाळीच्या आधीचा शनिवार म्हणजे पार्किंगसाठी मारामारी, आणि समोर चार-पाच पोरं एका जुनाट गाडीच्या बॉनेटवर बसून, दोन गाड्यांची जागा अडवून, मोठ्याने गाणी लावून समोसे खात होती. "हे बघ," नरेंद्र म्हणाला. "यांच्यामुळे आपलं नाव खराब होतं. इतकी वर्षं आपण मान खाली घालून राहिलो, टॅक्स भरला, कचऱ्याचा बिन वेळेवर बाहेर ठेवला. आणि आता हे. सांगतो तुला, कुठेतरी दार लावायलाच पाहिजे गव्हर्न्मेंटने. मी असतो तर कधीच लावलं असतं." तेवढ्यात एक जागा रिकामी झाली, त्याने गाडी आत घातली, आणि पातळ पोहे कुठल्या दुकानात चांगले मिळतात यावर तो बोलू लागला. त्याच्यापुरता विषय संपला होता.

मयूरापुरता तो संपला नव्हता. हे दार तिच्या ओळखीचं होतं. घर कितीही मोठं असो, शहाणा यजमान वेळ झाली की दार लावून घेतो, असं एकशेदहा वर्षांपूर्वी वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये एझरा पेनहॅलो नावाचा माणूस म्हणाला होता, आणि ते दार ज्यांच्या तोंडावर लावायचं होतं ते म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकूड कापायला आणि फळं तोडायला आलेले हिंदी मजूर. पेनहॅलोचा आवाज कसा होता हे आज जगात कुणालाच माहीत नाही. पण मयूराच्या डोक्यात त्याला एक आवाज होता, वीस वर्षं ती तो ऐकत आली होती, जाडाभरडा, जरासा घोगरा, शब्दाशब्दावर पाय रोवून उभा राहणारा. तो आज नरेंद्रच्या तोंडातून आला, चिंचवडच्या उच्चारांसकट. दुकानात ती पोह्यांच्या पिशव्यांकडे बघत नुसती उभी राहिली, आणि कुणीतरी मागून "एक्सक्यूज मी आंटी" म्हणून तिला बाजूला सरायला लावलं. बहुधा त्या पोरांपैकीच कुणीतरी होतं. चांगलं बोलला होता बिचारा.

पेनहॅलो तिला वडिलांनी दिला होता. दत्तात्रय मास्तर सांगलीला हायस्कुलात इतिहास शिकवायचे, आणि परीक्षेला न येणारा इतिहास शिकवण्यात त्यांना जास्त रस होता. पहिलं महायुद्ध संपल्यावर तहाच्या चर्चेत एका अमेरिकन सिनेटरने दोन दिवस उभं राहून हिंदुस्थानची बाजू मांडली, तीस कोटी माणसांना गुलाम ठेवून तुम्ही जगाला कसलं स्वातंत्र्य शिकवता असं इंग्रजांना ठणकावलं, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा आणि शेजारच्या वर्गातले मास्तर दार ओढून घ्यायचे. छोटी मयूरा त्यांच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसून हे ऐकायची. पुढे क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत अमेरिकन इतिहासात पीएचडीला जागा मिळाली तेव्हा विषय कोणता, हा प्रश्नच तिला पडला नाही. सगळ्यांना पडला. सांगलीची मुलगी ऑस्ट्रेलियात जाऊन अमेरिकेचा सिनेटर शोधणार, यावर घरात, गल्लीत आणि विमानात शेजारी बसलेल्या गृहस्थांकडूनही खूप विनोद झाले. ती हसून सोडून द्यायची. तिला माहीत होतं की माणूस आवडायला त्याचा आपला गाव एक असावा लागत नाही.

आणि पेनहॅलो तिला खरंच आवडला होता. खाणकामगाराचा पोरगा, लहानपणी खाणीतले दिवे पुसायचा, उसनी पुस्तकं वाचून वकील झाला आणि झाला तो मालकांच्याच विरुद्ध उभा राहिला. रेल्वे कंपनीने त्याला गुपचूप फितवायला माणूस पाठवला, तर याने ती गोष्ट भर सभेत सांगितली, तो माणूस पुढच्या रांगेत बसलेला असताना. सिनेटमध्ये गेल्यावर पोरांना गिरण्यांत राबवू नका म्हणून भांडला. युद्ध नको म्हणाला तेव्हा त्याच्याच गावात त्याचा पुतळा जाळला, आणि पुढच्या आठवड्यात हा त्याच चौकात जाऊन तेच परत बोलला. पक्षाच्या पुढाऱ्यांनी एकदा त्याला सुचवलं की भाषणाचा दुसरा अर्धा भाग गाळा, पहिला फार छान आहे. तो म्हणाला, मी सबंध माणूस निवडून आलोय, तुम्हाला अर्धा हवा असेल तर दुसरा उमेदवार बघा. क्लेटनमध्ये सहा मुलींच्या घरात, हीटर नसलेल्या खोलीत, अंगावर दोन पांघरुणं घेऊन ती हे वाचायची. बाहेरच्या देशात तिला अजून कुणी नीट ओळखत नव्हतं. सुपरमार्केटमध्ये ती काही विचारायला गेली की समोरची बाई तिच्या तोंडाकडे बघत "सॉरी?" म्हणायची आणि मयूराचं इंग्रजी घशातच आटायचं. घरी आल्यावर पेनहॅलो असायचा. त्याला कुणाच्या "सॉरी"चं काही वाटत नसे. हट्टीपणा तिच्यात आधीपासून होताच, पण तो मिरवायचा कसा ते तिला त्याने शिकवलं, असं ती थट्टेने म्हणायची आणि ते खरं होतं.

मग दुसऱ्या वर्षी, लायब्ररीच्या तळघरात, सिनेटच्या कामकाजाचे जुने खंड चाळताना तिला १९१४ चं ते दाराचं भाषण सापडलं. त्यात लपवलेलं काही नव्हतं. छापलेलं होतं, कुणीही जाऊन वाचावं असं; फक्त सांगलीपर्यंत ते कधी पोहोचलं नव्हतं. तिने ते उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्ची ओढून परत वाचलं. तिला आठवतं ते एवढंच की कान तापले होते. एखाद्या लग्नाच्या पंगतीत आपण मजेत जेवत असावं आणि यजमानाने खांद्यावर हात ठेवून "तुम्हाला कुणी बोलावलं?" असं विचारावं, तसं वाटलं. तिला राग आला. तो राग इतिहासाचा नव्हता, सरळ सरळ घरगुती होता. दोन वर्षं मी तुझ्यासाठी थंडीत बसले, आणि तू हे बोलतोस? माझ्याबद्दल? मार्गदर्शक बाई म्हणाल्या की हे उत्तम झालं, विरोधाभास हाच आता तुझा प्रबंध. पण मयूराला त्यात विरोधाभास दिसेना, हीच तिची अडचण होती. दोन्ही भाषणं शेजारी ठेवून वाचली की एकच भाषण व्हायचं. तुमचा देश तुमचा, आमचा देश आमचा. हिंदुस्थान स्वतंत्र व्हावा म्हणजे हिंदी माणूस तिकडेच राहील. कैवार आणि हाकलणं ही त्याच्याकडे एकाच कापडाची दोन टोकं होती, आणि मास्तरांना एकच टोक मिळालं होतं.

तिने सांगलीला फोन करून वडिलांना ते भाषण मराठीत वाचून दाखवलं. मग ते म्हणाले, "अगं, माणसाचं चांगलं असेल तेवढं घ्यावं. आपल्याला कशाला लागतंय उरलेलं?" "पण बाबा, तो आपल्यालाच म्हणतोय." "आपल्याला कुठे? ते मजूर लोक होते." ही गोष्ट तिला त्या भाषणापेक्षा जास्त लागली, आणि वडील गेल्यानंतरही ती लागायची थांबली नाही. प्रबंध राहिला. लोकांना ती सांगायची की व्हिसाचं जमेना म्हणून सोडला, आणि लोकांना ते लगेच पटायचं, कारण त्या काळी सगळ्यांनीच व्हिसासाठी काही ना काही सोडलेलं होतं. तिच्या बरोबरीचा एक पदार्थविज्ञानवाला तर केशकर्तन शिकून इथला पर्मनंट रहिवासी झाला. ती गाडी शिकवायला लागली. नरेंद्र भेटला, तो पुण्याहून आयटीच्या नोकरीवर आलेला, हसरा, कामसू, मित्रांच्या घरी सामान हलवायला पहिला हजर. लग्न झालं, स्पृहा झाली, घर झालं. आणि नरेंद्र पार्ट्यांमध्ये अभिमानाने सांगायचा की माझ्या बायकोने एका सिनेटरवर पीएचडी करत आणली होती. करत आणली होती, हे तो असं म्हणायचा की जणू पोळी तव्यावर होती आणि गॅस संपला.

या वर्षी नरेंद्र मराठी मित्रमंडळाचा अध्यक्ष होता. मंडळाने दिवाळीआधी एक व्याख्यान ठेवायचं ठरवलं, विषय 'भारताचे परदेशी मित्र', आणि सेक्रेटरी चित्रलेखाने फोन केला. "तुझा तो सिनेटर आहे ना, तो दे आम्हाला. फॉर्टी मिनिट्स. आपल्या वॉर्डाच्या काउन्सिलर बाई पण येणारेत, त्यांच्याकडून आपल्याला कम्युनिटी सेंटरमध्ये हक्काचा हॉल मिळायचाय." मयूरा एकदम हो म्हणाली. वीस वर्षं ज्याच्याशी अबोला होता त्याच्याबद्दल कुणीतरी विचारलं आणि तिला केवढा आनंद झाला, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. तिने जुने कागद काढले, रात्री जेवणं झाली की लिहू लागली, आणि लिहिताना तिला कळलं की आपण काहीच विसरलेलो नाही. चित्रलेखाला तिने आधीच सांगून ठेवलं की मी सगळा सांगणार आहे, १९१४ सकट. चित्रलेखा "हो हो" म्हणाली. मग दोन दिवसांनी परत फोन आला. "अगं, कमिटीत बोलणं झालं. सध्या वातावरण किती सेन्सिटिव्ह आहे तुला माहितीये. आत्ताच मोर्चे झाले, गो होमच्या पाट्या घेऊन. कशाला त्यांच्या हातात आपणच कोलीत द्यायचं? फक्त इंडियावालं भाषण घे ना. तेवढंच फॉर्टी मिनिट्स होईल. लोकांना घरी जाताना बरं वाटलं पाहिजे." मयूरा म्हणाली, बघते. तिला वाटलं होतं की कमिटीत नरेंद्र आपल्या बाजूने बोलला असेल. तो बोलला नव्हता, हे तिला त्या फॉस्टर स्ट्रीटवर, त्याचं ते दार ऐकून कळलं.

त्याच शनिवारी दुपारी तिला क्लेटनला एक लेसन होतं. यामिनी जळगावची, दीडेक वर्षापूर्वी मास्टर्सला आली होती, वृद्धाश्रमात शिफ्ट करत होती, आणि लायसन्स मिळालं तर पहाटेच्या शिफ्टला जाता येणार होतं. ती ज्या घरात राहत होती तिथे दारातच चपलांचा ढीग, हॉलमध्ये भिंतीला टेकवलेल्या गाद्या, आणि फोडणीचा वास रस्त्यापर्यंत. मयूराने खिडकीची काच वर केली आणि मग स्वतःच्याच बोटाकडे बघत राहिली. त्या बटणावरून बोट उचलायला तिला जरा वेळ लागला. हाच वास सहा मुलींच्या घराला होता, आणि तेव्हा तो वास तिला घरासारखा वाटायचा. तिने काच परत खाली घेतली. "आरसा, इंडिकेटर, मान वळवून बघ, मग निघ," ती म्हणाली. यामिनी निघाली, राउंडअबाउटवर थबकली, मागच्याने हॉर्न वाजवला. "जाऊ दे त्याला, तू तुझी वेळ घे." यामिनी घामाघूम. सिग्नलला थांबल्यावर तिने पदराचं काम ओढणीने केलं आणि म्हणाली, "ताई, आमच्या घरात इतकी माणसं बघून तुम्हाला वाटत असेल ना. पण आम्ही तशातले नाही हो. आधी आम्ही चौघीच होतो, एकदम नीट. हे या इनटेकचे, नव्या बॅचचे आलेत ना, त्यांना काही मॅनर्सच नाहीत. किचन घाण, रात्री आरडाओरडा. कसे व्हिसा मिळतात यांना काय माहीत. आमच्या वेळेला इतकं सोपं नव्हतं." आमच्या वेळेला म्हणजे दीड वर्षापूर्वी. मयूराला मोठ्याने हसू आलं, यामिनी गोंधळली, सिग्नल हिरवा झाला. हसता हसता मयूराच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. प्रत्येकाला आपल्या मागून आलेला माणूस खुपत होता. आणि तिला वीस वर्षांत पहिल्यांदा पेनहॅलोचा राग न येता त्याची नुसती ओळख पटली, एखाद्या नातेवाइकाची पटावी तशी. हा आपल्यातलाच आहे. हा आपल्या घराघरांत बसलेला आहे. मग तर त्याला सबंधच सांगितला पाहिजे.

संध्याकाळी शंकरपाळ्या झाल्या. नरेंद्र लाटायला आणि कातायला, ती तळायला, ही त्यांची दरवर्षीची वाटणी. नरेंद्रच्या चौकटी एकसारख्या यायच्या आणि त्याचा त्याला रास्त गर्व होता. "मी उद्या सगळं सांगणार आहे," ती झाऱ्याने तेल ढवळत म्हणाली. "चौदाचं भाषण पण."

"मयू, प्लीज." त्याने लाटणं ठेवलं. "वर्षभर मागे लागलोय त्या बाईंच्या. हॉल मिळत आलाय. आणि तू स्टेजवरून सांगणार की शंभर वर्षांपूर्वी पण लोकांना आपण नकोच होतो?"

"माझं भाषण मराठीत आहे. त्यांना काय कळणारे?"

"बाकीच्यांना कळेल ना. पोरं असतात, नवीन फॅमिलीज असतात. त्यांना वाईट वाटेल."

"वाटू दे."

"पण तुला काय मिळणारे त्यातून? काय प्रूव्ह करायचंय?"

"काही नाही. ज्याची गोष्ट सांगायला बोलावलंय त्याची गोष्ट सांगायचीये." मग ती थांबली, कारण जे विचारायचं होतं ते आधी कधी विचारलं नव्हतं. "तू कधी वाचलंस का रे, मी लिहिलेलं?"

"कुठलं?"

"चॅप्टर्स. तीन झाले होते. वरच्या कपाटात आहेत, तुझ्या टॅक्सच्या फायलींशेजारी."

नरेंद्रने खरंच आठवून बघितलं. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "अगं, तू सोडलंस ना ते," तो म्हणाला.

तिने घाणा उतरवला. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो संताप, आणि त्याने तिला बरं वाटलं, पाठ सरळ झाली. टेबलाशी स्पृहा फोनमध्ये डोकं घालून बसली होती आणि गरम शंकरपाळ्या उचलत होती. सोळा वर्षांची पोरगी, मराठी सगळं समजायचं आणि बोलायची वेळ आली की इंग्रजी. "जस्ट से इट, मम," ती मान वर न करता म्हणाली. "व्हॉट आर दे गॉना डू, डिपोर्ट यू?" नरेंद्र तिच्यावर ओरडला की मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. शंकरपाळ्या मात्र दरवर्षीपेक्षा खुसखुशीत झाल्या.

रविवारी दुपारी हॉल भरला. पैठण्या, कुडते, दाराशी अत्तर आणि कॉफी, मागे पोरांची पळापळ. मंचावर टेबल, टेबलावर समई, आणि समईशेजारी चौकटीत एझरा पेनहॅलो. चित्रलेखाने इंटरनेटवरून त्याचा फोटो काढून मोठा करून आणला होता. कडक कॉलर, खोल डोळे, तोंडावर मिशांचा पडदा. खाली सोनेरी अक्षरांत 'भारतमित्र'. आपल्याकडे कुणाबद्दल बोलायचं तर आधी त्याच्या तसबिरीची पूजा होते, त्याला कुणाचा इलाज नाही. काउन्सिलर बाईंच्या हस्ते समई लागली, त्यांनी "सो ब्युटिफुल" म्हटलं. नरेंद्रने अध्यक्ष या नात्याने तसबिरीला झेंडूचा हार घातला, वाकून नमस्कार केला आणि करंगळीशेजारच्या बोटाने काचेवर, बरोबर कपाळावर, कुंकू लावलं. मयूरा बाजूला उभी राहून बघत होती. १९१४ साली ज्या माणसाने ही बोटं आपल्या किनाऱ्याला लागू नयेत म्हणून जीव तोडून भाषण केलं, त्याच्या कपाळावर ते बोट टेकलं होतं, आणि पेनहॅलो कुंकवाखालून समोर बघत होता. त्याला बिचाऱ्याला हलताही येत नव्हतं. तिला त्याची दया आली, आपल्या सगळ्यांची आली, आणि त्या दयेच्या मागोमाग एक धीटपणा आला, की आता कुणी अडवून दाखवावंच.

चित्रलेखाने ओळख करून दिली. माईक हातात देताना हळूच म्हणाली, "इंडियावालंच घेतेयस ना?" मयूराने माईक घेतला. तिने ठरवलेली सुरुवात जन्मापासून होती, रीतसर, गाव, साल, आईबाप. पण समोर बघितलं आणि ते कागद तिने टेबलावर पालथे ठेवले. दुसऱ्या रांगेत नरेंद्र नव्या कुडत्यात ताठ बसला होता. शेवटून तिसऱ्या रांगेत यामिनीही दिसली, शिफ्टच्या गणवेशावर ओढणी घेतलेली. "आधी एका नेत्याच्या भाषणातला थोडा भाग वाचते," मयूरा म्हणाली. "कुणाचं ते नंतर सांगते." कागद तिला लागला नाही. सांगलीला फोनवर वाचून दाखवलेलं ते मराठी तिच्या तोंडात होतं.

"ही माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "ती कष्टाळू आहेत. पण एकेका घरात ती किती राहतात हे जाऊन पाहा. दाटीवाटीने, पथाऱ्यांवर पथाऱ्या. त्यांच्या स्वयंपाकाचा वास गल्लीभर असतो. आपला माणूस ज्या मोलाने उभाही राहणार नाही त्या मोलाने ती काम उचलतात." हॉलमध्ये माना हलू लागल्या. कुणीतरी "अगदी" म्हणालं. "रस्त्यात घोळके करून उभी राहतात, आपल्याच भाषेत मोठमोठ्याने बोलतात. जिथे येतात तिथल्या चालीरीती शिकायची त्यांना गरज वाटत नाही." मागून हशा आला, ओळखीचा, खुशीचा. "जी आधी आली, नेकीने राहिली, त्यांचीही अब्रू ही माणसं घालवतात. पाहुणचाराला सीमा असते. आज आपण बोललो नाही तर उद्या बोलायला उशीर झालेला असेल." आणि टाळी पडली. पहिली नरेंद्रची होती, तिला तो आवाज ओळखता येतो. मग सगळा हॉल. यामिनीसुद्धा वाजवत होती, ओढणी सावरत. नरेंद्रचा चेहरा उजळला होता. त्याला वाटलं होतं की आपल्या बायकोने कुठल्या तरी आजच्या पुढाऱ्याचं नेमकं भाषण शोधून आणलं, आपलं म्हणणं मान्य केलं, सगळं सुरळीत झालं. किती वर्षांनी तो तिच्याकडे असा बघत होता. एक क्षण मयूराला वाटलं, राहू दे. इथेच थांबावं, आता इंडियावालं घ्यावं, घरी जाताना सगळ्यांना बरं वाटेल आणि मलाही. तो क्षण तिने पूर्ण जाऊ दिला.

"हे भाषण १९१४ सालचं आहे," ती म्हणाली. "ज्यांना आत्ता आपण हार घातला त्यांचं. आणि ही माणसं म्हणजे आपण."

टाळ्या थांबल्या. सगळ्यांच्या एकदम थांबल्या नाहीत. मराठी न कळणाऱ्या काउन्सिलर बाई, लोकांनी वाजवल्या म्हणून, हसऱ्या चेहऱ्याने आणखी थोडा वेळ वाजवत राहिल्या, आणि त्या एकट्या टाळीचा आवाज सबंध हॉलला ऐकावा लागला. मग त्याही थांबल्या. नरेंद्रचे हात एकमेकांत तसेच राहिले होते, ते खाली कुठे ठेवायचे हे त्याला कळेना. तो तिच्याकडे बघत होता आणि ती नजर तिने चुकवली नाही. त्या नजरेत राग होता, तिला दिसला. आणि मागे आणखी काहीतरी होतं, पहिल्यांदाच काही वाचू लागलेल्या माणसाचं, तेही दिसलं. घरी काय होईल ते घरी होईल. चित्रलेखा विंगेतून हाताने काहीतरी खुणा करत होती. कुणी उठून गेलं नाही. मयूराने पालथे कागद सरळ केले, पहिलं पान वर घेतलं. तिला मोकळं वाटत होतं, छाती भरून, चढ चढून आल्यावर वाटतं तसं.

"आता चरित्र सांगते," ती म्हणाली. "एझरा पेनहॅलो यांचा जन्म खाणीवरच्या एका खोलीत झाला. त्या खोलीत अकरा माणसं राहत होती. त्यांचे वडील आदल्याच वर्षी बोटीतून उतरले होते."